पाहुणे आत घेतले

आमच्या घरात पाहुणे दोन प्रकारचे. एक चहा पितात. दुसरे गोठ्यामागे पडून राहतात. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा घोळ ह्या एका शब्दापायी झाला, आणि दुसऱ्या कुठल्याही घरात तो झाला नसता.

गोठ्यामागे आमचा खताचा ढीग आहे. ढीग म्हणायचं, उकिरडा म्हणायचं नाही. सासऱ्यांच्या वेळेपासून आमच्याकडे उकिरडा म्हणणाऱ्याला बोलणी बसतात. गाईंचं शेण, त्यांच्या अंगाखालचा पेंढा, भाजीचा पाला, छाटलेल्या फांद्यांचा भुगा, सगळं त्यात थराथरानं जातं, तापतं, खालवर होतं आणि वर्ष सरता सरता चहापत्तीसारखं काळं, भुसभुशीत खत होतं. बाकीच्या कचऱ्याचंही ज्याचं त्याचं ठिकाण ठरलेलं. गठ्ठ्यांच्या दोऱ्या एका पोत्यात, फाटका प्लास्टिकचा कागद दुसऱ्यात. औषधांच्या रिकाम्या बाटल्या पुन्हा पुन्हा विसळायच्या, ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतायचं, बाटलीला भोक पाडायचं म्हणजे कुणी तिच्यात तेल भरून ठेवणार नाही, आणि न्यायची गाडी येईपर्यंत सगळ्या कुलपात. आमचे हे म्हणतात, एवढी शिस्त तू माझ्या कपड्यांच्या कपाटाला लावली असतीस तर. मी म्हणते, तुमच्या कपाटातून खत निघत असतं तर लावली असती.

तर पाहुणे. विकत आणलेला पेंढा, कुणी आणून टाकलेलं शेण, शेजारच्या रानातला पाला, जे जे आपल्या मातीतलं नाही ते सगळं आमच्याकडे 'पाहुणे'. त्यांचा ढीग वेगळा, कुंपणाजवळ. कोण, कुठला, अंगावर कसल्या तणाच्या बिया घेऊन आलाय, हे कळल्याशिवाय मोठ्या ढिगात मिसळायचं नाही. एक हंगाम तो माल तिथे पडून राहतो, त्यावर काय उगवतं ते आम्ही येता-जाता बघतो, आणि सगळं ठीक दिसलं की कुणीतरी म्हणतं, 'पाहुणे आत घ्या.' मग लोडर लावून तो मोठ्या ढिगात ढकलायचा. ही सासऱ्यांनी घालून दिलेली पद्धत. सासरे गेले, पद्धत राहिली, आणि शब्दही राहिला.

लोडर चालवायचं काम माझ्या धाकट्या दिरांचं. मी त्यांना भाऊजी म्हणते. लग्न केलं नाही, बोलणं जवळजवळ नाही, आणि सांगितलेलं काम सांगितल्या क्षणी करणार. एकदा मी वैतागून म्हटलं, हा खरखरणारा रेडिओ विहिरीत टाका एकदाचा, तर माणूस रेडिओ काखोटीला मारून चालायलाही लागला होता. मागे धावत जाऊन अडवलं म्हणून बरं.

आणि घरात तिसरी व्यक्ती म्हणजे माझी नणंद. ह्या दोघा भावांची धाकटी बहीण, आमच्या बाईसाहेब. शहरात एका शीतगृहात फळं-भाज्या पॅक करायच्या कामावर होती. भर उन्हाळ्यात अंगावर स्वेटर, बोटं सुजलेली, आणि सुट्टीला आली की पहिले दोन दिवस नुसती उन्हात बसायची. मागच्या वर्षी ते सगळं सोडून घरी आली आणि म्हणाली, ट्रॅक्टरच्या जुन्या शेडमध्ये मी रोपवाटिका काढते. ह्यांनी नाक मुरडलं. मी म्हटलं, काढू दे, तुमच्या त्या शेडमध्ये तरी काय, उंदरांची वरातच चाललीय. तिनं होतं नव्हतं ते सगळं त्यात घातलं. वर हिरवी जाळी, खाली ट्रे, पाण्याचे बारीक फवारे. पण शीतगृहाच्या मॅनेजरनं तिची जागा धरून ठेवली होती. हंगाम लागायच्या आत सांग येतेस की नाही, नाहीतर दुसरीला घेतो, असं त्यानं बजावलं होतं. म्हणजे हिशेब साधा होता. रोपांची पहिली खेप साधली तर ती इथे राहणार, नाही साधली तर परत त्या थंडीत जाणार. ती गेली असती तर ह्या घरात माझ्याशी धड भांडायला कुणी उरलं नसतं. हे असले पडखाऊ, भाऊजी मुके. मला ते चालणारं नव्हतं.

पहिलं गिऱ्हाईक चांगलं मिळालं. भाजी पिकवणाऱ्या बायकांचा एक गट होता, त्यांची सगळी रोपं एका ठिकाणाहून घ्यायची असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांच्या प्रमुख बाईंना सगळे कॅप्टन म्हणतात. बाई बोलायला लागल्या की कुत्रीसुद्धा भुंकायची थांबतात. तर ह्या कॅप्टन आणि त्यांच्या दोघी मैत्रिणी रोपवाटिका बघायला यायच्या होत्या.

त्या आल्या तेव्हा मी गोठ्यात होते. एका गाईचा खूर धुऊन औषध लावत होते, हात कोपरापर्यंत बरबटलेले. खिडकीतून पाहते तर तिघी फाटकाशी रणरणत्या उन्हात उभ्या, आणि जवळच भाऊजी लोडरला टेकून आपले आकाश बघतायत. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तिथूनच ओरडले, "भाऊजी, पाहुणे आत घ्या. उन्हात वाळतायत नुसते."

त्यांनी हात वर केला. लोडर सुरू झाल्याचा आवाज आला. मला वाटलं, बायकांच्या गाडीला वाट करून देतायत. प्रत्यक्षात भाऊजी सरळ गोठ्यामागे गेले आणि कुंपणाजवळचा पाहुण्यांचा ढीग उचलून मोठ्या ढिगात घालू लागले. काम चोख केलं, वरून फिरवूनही घेतलं. त्या तिघी मात्र फाटकातच. शेवटी नणंदेचं लक्ष गेलं, ती धावत गेली आणि त्यांना शेडमध्ये घेऊन आली.

संध्याकाळी चहाच्या वेळी भाऊजी आपणहून बोलले. हे तसं क्वचितच घडतं. म्हणाले, पाहुणे आत घेतले. मी आधीच उकळत होते. म्हटलं, हो, दिसलं मला, फार उपकार झाले. ते खूश होऊन बशीतला चहा प्यायले. टोमणा म्हणून काही असतं हे त्या माणसाच्या गावीच नाही.

कॅप्टननी टोमॅटो, मिरची आणि वांगी, अशी तिन्ही रोपं सांगितली होती. नणंद हवेतच होती. तिनं मोठ्या ढिगाचं खत कुंपणाकडच्या टोकाकडून काढलं, कारण तिथून शेड जवळ पडते. चाळलं, माती मिसळली, ट्रे भरले. पाहुणे पडून पडून अर्धे कुजलेलेच होते, त्यामुळे खतात ते वेगळे दिसलेही नाहीत. बी पडलं, उगवलं, पहिली दोन पानं छान आली. मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन बघायला जायचे आणि तिला चिडवायचे, की बाईसाहेब, इतकं टक लावून बघू नका, लाजतील ती.

मग पुढची पानं यायला लागली, आणि ती उघडेचनात. कडा आत वळलेल्या, शेंडे मुरगळलेले, देठ पिळवटलेले. मूठ आवळून धरावी तशी पानं. आज एका ट्रेत, उद्या शेजारच्या दोन ट्रेंत, आणि बघता बघता सगळ्या शेडभर. नणंदेनं पाणी कमी करून पाहिलं, वाढवून पाहिलं. जाळी सरकवून ऊन दिलं, परत सावली केली. भिंग घेऊन पानांखाली कीड शोधली. कीड नव्हतीच. एका दुपारी मी गेले तर ही दोन ट्रेंच्या मधल्या जागेत जमिनीवर बसलेली, आणि रडत होती. आवाज न करता रडत होती, त्यामुळे मला जास्तच लागलं.

मी रागावले की मला आधी फोन सुचतो. बियाणं ज्या दुकानातून घेतलं होतं त्या दुकानदाराला लावला आणि माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, ताई, खत कुठलं वापरलंत? मी म्हटलं, आमच्या खताचं नाव काढायचं नाही, आणि फोन आपटला.

फोन आपटला खरा, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. भांडी घासताना तोच, दूध काढताना तोच. शेवटी हात पुसत गोठ्यामागे गेले. मोठा ढीग जागच्या जागी होता. कुंपणाजवळ मात्र काहीच नव्हतं. जिथे पाहुणे पडलेले असायचे तिथे पिवळी पडलेली जमीन तेवढी होती. भाऊजी पलीकडे पाइप गुंडाळत होते.

"भाऊजी, इथले पाहुणे कुठे गेले?"

"आत घेतले."

"कधी?"

"तुम्ही सांगितलंत तेव्हा. त्या बायका आल्या होत्या त्या दिवशी." मग जरा विचार करून म्हणाले, "मी चहाला सांगितलंही होतं. तुम्ही म्हणालात, फार उपकार झाले."

मी तिथेच दगडावर बसले. आधी हसू आलं, इतकं की पोटात दुखायला लागलं. आणि मग शेडमधली ती आवळलेली पानं डोळ्यांपुढे आली, नि हसू घशातच अडकलं. भाऊजींना वाटलं मला ठसका लागलाय, म्हणून ते पाणी आणायला धावले.

त्या वेळी पाहुण्यांत बहुतेक पेंढाच होता, आणि तो ह्यांनी लांबच्या एका शेतकऱ्याकडून आणला होता. गठ्ठे भिजून बुरसटलेले निघाले, म्हणून ते गाईंखाली न घालता सगळेच्या सगळे पाहुण्यांत गेले होते. त्या शेतकऱ्याला मी फोन लावला. माणूस सरळ होता, काही लपवलं नाही. म्हणाला, हो, शेतात रुंद पानांचं तण फार झालं होतं, म्हणून तणनाशक मारलं होतं. गवताच्या जातीला ते काही करत नाही, बाकी सगळं मारतं. पेंढ्यात ते तसंच राहतं. गाईनं खाल्लं तर शेणात उतरतं, खत केलं तरी जात नाही. असला पेंढा खतात घालायचाच नसतो. मी म्हटलं, मग आधी सांगायचं नाही का? तर म्हणाला, तुमच्यातलं कुणी विचारलंच नाही. त्याच्यावर आणखी काय ओरडणार? हात टेकले.

सासऱ्यांनी पद्धत लावली तेव्हा असली औषधं कुठे होती? त्यांना भीती फक्त बियांची. आमच्या पाहुण्यांवर एक हंगामभर काहीही उगवलं नव्हतं, आणि आम्ही खुळे त्यावर खूश होतो, की पाहुणे कसे अगदी स्वच्छ आलेत.

आता एवढ्या खताचं करायचं काय, ह्यावर जेवणाच्या टेबलाशी आमची सभा बसली. चूक कुणाची, हा विषय मी आधीच बंद करून टाकला. त्याबद्दल आमच्या घरात आजही एकमत नाही. हे म्हणाले, ओढ्याच्या वळणावर नेऊन टाकू, सगळे तिथेच टाकतात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो ओढा खाली जातो तो भाजीच्या मळ्यांतूनच, आणि त्यात पहिला मळा कॅप्टनच्या गटाचा. हे म्हणाले, मग जाळू. ओला ढीग जळतो थोडाच, नुसता धुमसत बसतो, आणि गाव खोकत बसतं. मग ह्यांनी हळूच तिसरा मार्ग काढला. नव्या घरांभोवती बागा करून देणारा एक ठेकेदार आहे, त्याला काळं दिसलं की पुरे, तो विचारत नाही कुठून आलं. उद्या सांगितलं तर परवा गाडी घेऊन येईल, आणि आपण सुटलो.

मी तोंड उघडणार होते, पण नणंदच बोलली. इतका वेळ ती ताटात रेघोट्या ओढत होती.

"दादा, माझी रोपं गेली, पण निदान कशानं गेली ते मला कळलं. ज्याच्या बागेत हे जाईल त्याला तेही कळणार नाही. तो आपला बियांना, पाण्याला नाहीतर स्वतःला दोष देत बसेल."

ह्यांनी पुन्हा ठेकेदाराचं नाव काढलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच त्या दुकानदाराला परत फोन केला. माफी मागितली असं मी म्हणणार नाही, पण आवाज खाली घेतला. माझ्या मानानं तेही पुष्कळ झालं. त्यानं मनात काही ठेवलं नाही. सांगितलं की हे खत गवताच्या रानावर पातळ पसरा, गवताला काही होत नाही, आणि जमिनीतले जीव हळूहळू ते विष खाऊन संपवतात. पण तिथे टोमॅटो नको, शेंगा नकोत. तिथलं गवत कुणाला विकायचं नाही, आपल्या गाईंना घातलं तर त्यांचं शेण वेगळं ठेवायचं आणि परत त्याच रानावर टाकायचं. आणि ढिगाचा बाकीचा भाग वापरायचा असेल तर आधी त्यात घेवडा पेरून बघा. घेवड्याइतकं नाजूक काही नाही, जरा विष असलं तरी पान लगेच आवळतं.

लागलो कामाला. भाऊजींनी पाहुणे कुंपणाच्या टोकाला ढकलले होते, ते टोक तर गेलंच होतं. मधलं कसं असेल माहीत नव्हतं. गोठ्याकडचं टोक मात्र त्या दिवशीही आणि नंतरही कुणी हलवलं नव्हतं. नणंदेनं तिन्ही ठिकाणचं खत वेगवेगळ्या कुंड्यांत भरलं, ताडून बघायला एकीत नुसती रानातली माती घेतली, आणि सगळ्यांत घेवडा टोचला. कुंड्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवल्या, कारण तिथे ऊन चांगलं येतं. तेव्हापासून घरात जो तो पाणी प्यायला स्वयंपाकघरात. हेसुद्धा दिवसातून दहादा येऊन खिडकीशी उभे राहायचे, आणि मी बघितलं की म्हणायचे, वारं कुठून आहे ते बघत होतो.

मधल्या काळात सगळ्यात जड काम म्हणजे लोकांना सांगणं. त्याच टोकाचं थोडं खत आमचा शिंपी गच्चीवरच्या टोमॅटोसाठी घेऊन गेला होता. मी स्वतः गेले. त्याची झाडं मुठी आवळून उभी होती, आणि पाणी जास्त घातलं म्हणून त्यानं बायकोशी अबोला धरला होता. मी सगळं सांगितलं तेव्हा ती बाई नवऱ्याकडे ज्या नजरेनं बघत होती, ते बघून मी तिथून काढता पाय घेतला. येताना कुंड्यांतली माती मात्र पोत्यात भरून परत आणली.

कॅप्टनना फोन नणंदेनंच केला. मी शेजारी उभी होते. तिनं काही लपवलं नाही, पेंढा, तणनाशक, रोपं गेली, नवी करायची म्हटलं तर उशीर होणार, आणि तीही घेवडा लावून बघतोय त्यात खत चांगलं निघालं तरच. पलीकडून फक्त "बरं" असं आलं आणि फोन बंद झाला. त्याच दिवशी दुपारी शीतगृहाच्या मॅनेजरचा फोन. तिनं थोडे दिवस मागून घेतले. त्यानं दिले, पण कुरकुरत. तिनं माळ्यावरून बॅग खाली काढलेली मी पाहिली. विचारलं तर म्हणाली, झटकून ठेवतेय. त्या रात्री माझं जेवणात लक्ष नव्हतं.

कुंपणाकडचं खत ओढ्यापासून लांबच्या, गवताच्या रानावर पसरायला सुरुवात झाली. भाऊजी सकाळी उजाडल्यापासून लोडरवर. ढिगाला फावडं लागलं की वाफ उठायची, आणि तो ओळखीचा गोडसर, उबदार वास यायचा. इतकं काळंभोर खत, वर्षभर जपलेलं, आणि वास तर असा की वाटावं ह्यात वाईट काय असणार! खत पसरणारी गाडी ते भिरकावत पुढे चालली होती आणि मला भरून आलं. सासरे असते तर त्यांनी काय केलं असतं कोण जाणे. नणंदेनं ट्रे रिकामे करून त्यातली मातीही त्याच गाडीत घातली. वाया गेलेली रोपं उचलताना तिचा चेहरा बघवत नव्हता. फक्त एक ट्रे तिनं बाजूला ठेवला. कशाला, तर पुढे कुणाला दाखवायला.

भाऊजी दिवसभर जेवले नाहीत. संध्याकाळी मी डबा घेऊन रानात गेले आणि म्हटलं, भाऊजी, खाऊन घ्या, शब्द काय तुमच्या एकट्याचा होता का? ते चाकाला टेकून बसले. डबा उघडला. एक घास खाऊन म्हणाले, "वहिनी, यापुढे पेंढ्याला पेंढा म्हणू या."

इतकं शहाणपणाचं वाक्य आमच्या सभेत कुणी बोललं नव्हतं. मी कबूल झाले. अजून तोंडात तोच शब्द येतो, पण जीभ चावते.

घेवडा उगवला. पहिली पानं सगळ्याच कुंड्यांत आली, त्यावर जायचं नसतं हे आता आम्ही शिकलो होतो. खरी पानं आली तेव्हा कुंपणाकडच्या कुंडीत ठरल्यासारखी मूठ वळली. मधल्या खतात पानं कडेला किंचित मुडपली, म्हणजे तेही गवतावर जाणार. गोठ्याकडच्या कुंडीत शेंडा अजून मिटलेला होता. एक दिवस तसाच गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध तापवत होते आणि नणंदेनं मला हाक मारली. हाकेवरूनच कळलं. पान उघडलं होतं. सपाट, रुंद, तळहातासारखं पसरलेलं, मातीच्या कुंडीतल्या पानाच्या अगदी तोडीस तोड. आम्ही नणंद-भावजय एकमेकींच्या गळ्यात पडलो, आणि लगेच बाजूलाही झालो, कारण आमच्यात तशी पद्धत नाही. दूध उतू गेलं ते गेलंच.

ढिगाचा तो भाग काही फार मोठा नव्हता, पण एका खेपेला पुरण्याइतका होता. बी होतं, ट्रे धुऊन तयार होते. गिऱ्हाईक तेवढं नव्हतं. कॅप्टनचा पत्ता नव्हता, मी फोन केला तर उचलला नाही. मॅनेजरला उत्तर द्यायचा दिवस उजाडला. नणंद सकाळपासून शेडमध्ये ट्रे ह्या रांगेतून त्या रांगेत लावत होती, काही कारण नसताना.

दुपारी फाटकाशी गाडी थांबली. कॅप्टन एकट्याच उतरल्या. ह्या वेळी मी स्वतः धावत गेले, आत या म्हटलं, खुर्ची दिली. बसल्या नाहीत. म्हणाल्या, ती रोपं दाखवा. नणंदेनं जपून ठेवलेला ट्रे पुढे केला. कॅप्टननी एक रोप उपटलं, वळलेलं पान बोटानं उलगडून पाहिलं, सोडलं की ते परत मिटायचं. असं त्यांनी दोन-तीनदा केलं.

"गेल्या वर्षी आमच्या टोमॅटोचं अगदी असंच झालं होतं," त्या म्हणाल्या. "पाणी घालायचं काम आमच्यातल्या सगळ्यात वयस्क बाईकडे होतं. आम्ही तिलाच धरलं. नको नको ते बोललो तिला, सगळ्यात जास्त मीच बोलले. ती गट सोडून गेली. अजून माझ्या दारावरून जाते ती मान खाली घालून."

नणंदेनं ट्रे खाली ठेवला.

"तुमचा फोन आला आणि माझी झोप उडाली. कशानं झालं हे जर तुम्ही झाकून ठेवलं असतं, तर मी आयुष्यभर तिलाच दोष दिला असता." मग त्या गाडीकडे गेल्या आणि एक पोतं ओढत घेऊन आल्या. "हे आमचं गेल्या वर्षीचं खत. तळाशी उरलं होतं. ह्यात तुमचा तो घेवडा लावून बघा. पान आवळलं तर मला आधी तिच्याकडे जायचंय. रोपांचं म्हणाल तर उशीर होऊ दे, आम्ही लावणी पुढे ढकलू. पण रोपं तुमच्याकडूनच घेणार. दुसरं कुणी मला खरं सांगेल असं वाटत नाही."

कॅप्टनचे डोळे भरलेले होते, आणि माझेही. आणि मला रडताना कुणी बघितलेलं आवडत नाही, म्हणून मी पोत्याचं तोंड सोडायला वाकले. नणंद कधीच खाली बसली होती. कुंड्या ओढून घेतल्या, दोन्ही हात कोपरापर्यंत त्या खतात घातले आणि भरायला लागली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. मॅनेजर. तिचे हात काळे झालेले, म्हणून मी फोन तिच्या कानाला लावून धरला. तिकडून मोठ्या आवाजात काहीतरी विचारणं चाललं होतं, येणार आहेस की नाही, आत्ताच्या आत्ता सांग.

"नाही, साहेब," नणंद म्हणाली. "जागा दुसरीला द्या. मला इथे पेरायचंय." आणि माझ्याकडे वर बघून म्हणाली, "वहिनी, ठेव तो फोन आणि पाणी आण."

ह्या घरात माझ्यावर हुकूम सोडायची कुणाची हिंमत नाही. मी मुकाट्यानं झारी उचलली आणि पाणी आणायला गेले.